शेजाऱ्याच्या पिकअपवरची अँटेना

माझे वडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडला आले आणि त्यातले जवळजवळ पाच महिने त्यांनी शेजाऱ्याला दिले. असं बोलू नये हे मला कळतं. पण त्या वर्षी मी हेच म्हणत होतो. ऑफिसला जाता-येता, गाडीत एकटा असताना, मोठ्यानेसुद्धा.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं आम्ही स्लाऊला होतो. ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कंपनीत माझं सॉफ्टवेअरचं काम, बायको एका सॉलिसिटरच्या ऑफिसात, आणि राहायला सेमी-डिटॅच्ड घर, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा पुण्यात एकटे, आणि फोनवर विचारलं की "मला काय धाड भरलीये" एवढंच उत्तर. त्यांना इकडे आणायला माझं सबंध वर्ष गेलं. शेवटी मे महिन्यात आले. मी वेड्यासारखा त्यांच्यासाठी एक्सेलमध्ये प्लॅन करून ठेवला होता. लंडन तीन वीकेंड, केंब्रिज एक, मँचेस्टरच्या मित्राकडे बँक हॉलिडे. बाबा सगळीकडे आले. सगळीकडे हात मागे बांधून उभे राहिले आणि "छान आहे" म्हणाले. थेम्सवरच्या त्या मोठ्या पाळण्यात बसवलं तर खाली उतरून म्हणाले, "बेअरिंग चांगलं आहे." आणि घरी आल्यावर खिडकीत खुर्ची घेऊन बसले.

मला त्यांना पाळणा दाखवायचा नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही. मला त्यांच्याशेजारी बसायचं होतं.

बाबा सरकारच्या वायरलेस खात्यात होते. चौतीस वर्षं डोंगरांवर मनोरे आणि अँटेना उभ्या करण्यात गेली. घरी मागच्या गॅलरीत त्यांचं टेबल होतं, त्यावर सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कडी, पाने, सगळं ओळीने. मी इंजिनिअरिंगला गेलो तो त्या टेबलापायी. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, आणि पहिल्या वर्षी एकदा हिय्या करून त्यांना म्हटलं, मी बसू का? म्हणाले, "तू अभ्यास कर. हात काळे करायला मी आहे." खरं कारण मला ठाऊक होतं. मी डावरा. लिहिणं आणि जेवणं घरच्यांनी उजव्या हातावर आणलं, पण बाकी कामाला कोणी बघत नसलं की माझा डावाच पुढे जातो. एकदा माझ्या टेबललॅम्पची वायर मी जोडली आणि टेप लावली. बाबांनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "उलटी गुंडाळलीयेस." सगळी सोडवली आणि सुलट गुंडाळून परत दिली. रागावले नाहीत, काही नाही. पण त्यानंतर मी गॅलरीत पाऊल टाकलं नाही.

असो. तर बाबा खिडकीत बसले, आणि खिडकीतून त्यांना शेजाऱ्याची पिकअप दिसली.

शेजारी म्हणजे पासष्टीचा गोरा माणूस, उभा जन्म लॉरी चालवून रिटायर झालेला, बायको गेलेली. आमच्या आणि त्याच्या ड्राइव्हवेमध्ये गुडघ्याएवढी भिंत. चार वर्षांत आमचं बोलणं म्हणजे "मॉर्निंग" आणि पाऊस. त्याच्याकडे एक जुनाट पिकअप होती, बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाची, पुढे दोन सीटा, मागे हौदा. त्या दिवशी तो तिच्या टपावर सीबी रेडिओची अँटेना बसवायच्या खटपटीत होता. हे सीबी म्हणजे लॉरीवाल्यांचे बोलायचे रेडिओ, माइकचं बटण दाबायचं आणि पाच-दहा मैलांतल्या माणसाशी बोलायचं. मोबाइल आल्यावर बहुतेकांनी ते काढून टाकले. पण याचा एक जुना लॉरीवाला दोस्त टेकडीवरच्या गावात राहायचा, पायाने अधू झालेला, घरात रेडिओ ठेवून बसलेला. फोनवर दोघांना बोलता येत नसे. फोनवर ते एकमेकांची तब्येत विचारत आणि मग गप्प होत. रेडिओवर मात्र तासभर तोंडाची वाफ दवडायचे, असं त्याने नंतर बाबांना सांगितलं. मला नाही सांगितलं. मला बाबांकडून कळलं.

शेजारी लोहचुंबकाच्या बुडाची अँटेना टपावर ठेवत होता आणि ती घसरून पडत होती. तीनदा पडली. चौथ्यांदा ठेवली तेव्हा बाबा घरच्या सपाता, अंगात स्वेटर आणि डोक्यावर माकडटोपी अशा अवतारात, मे महिन्यात, भिंत ओलांडून त्याच्याकडे उभे होते. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. त्यांनी बोटाच्या पेराने टप वाजवला. एकदा इथे, एकदा तिथे. "सर," ते म्हणाले, "नो आयर्न. पुट्टी." टप गंजला होता आणि मधल्या भागात कोणीतरी भसाभसा पुट्टी भरून रंग मारला होता. चुंबक चिकटणार कशाला? शेजाऱ्याने स्वतः वाजवून पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि आत जाऊन दोन कप चहा घेऊन आला. घरात मी आल्याचा चहा करून ठेवला होता, तो गार झाला.

त्या दिवसापासून सुरू. बाबांना इंग्रजी येत नाही असं आम्ही समजत होतो. ते लाजतात म्हणून प्रत्येक दुकानात मी त्यांच्या वतीने बोलायचो. आणि हे महाशय भिंतीपलीकडे दोन-दोन तास बोलत होते. क्रियापदं नव्हती, पण अडत काहीच नव्हतं.

अँटेना कुठली घ्यायची यावरच त्यांचे तीन आठवडे गेले. शेजाऱ्याला चाबकासारखी लवलवणारी नऊ फुटी लोखंडी अँटेना हवी होती, त्याच्या लॉरीच्या दिवसांत होती तशी. बाबांचं म्हणणं, लांबी जास्त तेवढी चांगलीच, पण नऊ फूट घेऊन तू सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये शिरणार कसा, वरचा दांडा आडवा येईल. शेजारी म्हणाला, मग दोन फुटी घेऊ. बाबा म्हणाले, दोन फुटी म्हणजे खेळणं, टेकडीपर्यंत आवाज जायचा नाही. शेवटी साडेचार फुटी ठरली, बुडाशी तारेचं वेटोळं असलेली. मग ती बसवायची कुठे? टपाला भोक पाडावं तर पुट्टी. आरशाच्या दांडीवर लावावी तर दांडी थरथरणारी. शेवटी केबिनच्या मागे हौद्याला जी लोखंडी चौकट होती तिच्यावर, बरोब्बर मध्ये. हे सगळं मला जेवताना कळायचं. बाबा ताटात चमच्याने पिकअप काढून दाखवायचे. माझ्या नोकरीबद्दल त्यांनी उभ्या आयुष्यात एक प्रश्न विचारलेला नाही.

"जळतोयस तू," बायको म्हणाली.

"छे," मी म्हटलं.

"अरे, नवऱ्याची मैत्रीण असती तर मी पण इतकं तोंड पाडलं नसतं."

अँटेना आणायला चाळीस मैलांवरच्या एका दुकानात जायचं होतं. मी म्हटलं, बाबा, मी रजा टाकतो, माझ्या गाडीतून जाऊ तिघं. "नको, नको, तू ऑफिसला जा," म्हणाले. "पिकअप घेऊनच जायला हवं, लावून बघता येईल." पिकअपला दोनच सीटा. मी संध्याकाळी घरी आलो तर बायको सांगते, बाबांनी सकाळी तिला उठवून पोळीभाजीचा डबा करून घेतला, दोन माणसांचा, वर शेंगदाण्याची चटणी वेगळी. त्याला तिखट चालतं म्हणाले. केंब्रिजला जाताना याच माणसाने मला सांगितलं होतं, डबाबिबा नको, लोक बघतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? एका रिटायर लॉरी ड्रायव्हरने माझा बाप पळवला, असं कोणाला सांगता येतं? मग मी मूर्खपणा केला. इंटरनेटवर रात्रंदिवस वाचून एक महागडा एसडब्ल्यूआर मीटर मागवला. अँटेनाकडे पाठवलेल्यातलं किती बाहेर गेलं आणि किती उलटं परत आलं ते हा मीटर दाखवतो. काटा एकच्या जवळ म्हणजे उत्तम, तीनच्या पुढे म्हणजे रेडिओ जळायची भीती. वाढदिवसाला द्यावा तसा खोका मी बाबांपुढे ठेवला. त्यांनी उघडला, मीटर उलटापालटा केला. "चांगला आहे," म्हणाले. "पण आहे की त्याच्याकडे." खोका कपाटावर गेला तो शेवटपर्यंत तिथेच.

उन्हाळाभर काहीबाही अडत राहिलं. पिकअप एमओटीला, म्हणजे गाड्यांच्या वार्षिक तपासणीला, नापास झाली, मग खालचा पत्रा जोडण्यात महिना गेला, तोही दोघांनी मिळून. अँटेना चढली ती सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी. बाबांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरमधलं होतं.

त्या सकाळी मी भिंतीवर बसून होतो. कोणी बस म्हटलं नव्हतं. बाबांनी चौकटीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, ब्रॅकेट बसवली, अँटेना कसली. शेजारी केबिनमध्ये मीटर घेऊन. काटा तीनवर. बाबांनी मान हलवली, जणू त्यांना हेच अपेक्षित होतं. "नो अर्थिंग," म्हणाले. चौकट हौद्याला जिथे जोडली होती तिथे सगळा जुना रंग आणि गंज, वीज पुढे जायला वाट नाही. मग त्यांनी तांब्याची एक विणलेली पट्टी घेतली, तिचं एक टोक ब्रॅकेटच्या बोल्टला आणि दुसरं खाली गाडीच्या सांगाड्याला कसलं. बोल्टवर ग्रीस, त्यावर पावसासाठी काळी टेप. काटा दीडवर आला. शेजारी म्हणाला, पुरे. बाबा म्हणाले, थोडं अजून. अँटेनाच्या टोकाकडून त्यांनी पाव इंच कापलं, पुन्हा मोजलं, पुन्हा पाव इंच. काटा एकला चिकटल्यात जमा. शेजाऱ्याने माइक घेतला आणि टेकडीवरच्या दोस्ताला हाक मारली. दोस्ताचा आवाज असा आला, जणू तो हौद्यातच बसलाय. शेजारी माइक पुढे करून बाबांना म्हणाला, बोल. बाबा लाजले, दोन्ही हात हलवून नको म्हणाले. आणि मग त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास."

शेजारी हसत माझ्याकडे वळला. "याचा अर्थ काय?"

मला सांगावं लागलं. "वेल डन," मी म्हटलं.

"शॅबॅश," तो म्हणाला. बाबांनी त्याला दोनदा सुधारून दिलं.

हा शब्द बाबांनी मला कधी म्हटला नाही. दहावीला गणितात अठ्ठ्याण्णव पडले तेव्हा म्हणाले, दोन कुठे गेले? नोकरी लागली तेव्हा, ठीक आहे. इंग्लंडला निघालो तेव्हा, जपून राहा. मी हे पस्तिसाव्या वर्षी मोजत बसलोय याची मला लाज वाटत होती. पण मी मोजत होतो.

दुपारी जेवून बाबा आडवे झाले. बायको दुकानात गेली होती. शेजारी आत जेवत होता. माझ्या गॅरेजमध्ये पान्यांचा एक सेट होता, नवाकोरा, घर घेतलं तेव्हा आणलेला. त्यातला एक पाना आणि टेपचं रीळ घेऊन मी भिंत ओलांडली. बोल्टवरची टेप सोडवली, नट काढला, तांब्याच्या पट्टीचं टोक बाहेर घेतलं, नट परत घट्ट बसवला. पट्टीचं टोक बोल्टच्या शेजारी नुसतं टेकवलं आणि दोन्हीवर मिळून टेप गुंडाळली. वरून बघितलं तर जसंच्या तसं. पाच मिनिटं लागली नाहीत.

माझा बेत साधा होता. संध्याकाळी शेजारी मीटर लावेल, काटा तीनवर जाईल, दोघं डोकं खाजवतील. आणि मी भिंतीवरून सहज म्हणेन, "बाबा, अर्थिंग बघितलंत का?" मग मीच शोधून देईन. बस्स. एवढंच हवं होतं मला.

पण शेजारी जेवून उठला आणि पिकअप काढून निघाला. दोस्ताला हॉस्पिटलच्या तपासण्या होत्या, त्याला ने-आण करायला तो चार-पाच दिवस तिकडेच राहणार होता. हे बाबांना ठाऊक होतं. मला कोण सांगणार?

संध्याकाळी टेकडीवरून त्याचा फोन आला. वाटेत थांबून बोलायला गेला तर नुसती खरखर, मीटरचा काटा तीनवर. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "डोन्ट प्रेस माइक," म्हणाले, सेट जळेल. अर्थिंग बघ म्हणाले. शेजारी बाहेर जाऊन बघून आला. टेप जागेवर, पट्टी जागेवर, सगळं ठाकठीक. बाबांनी फोन ठेवला आणि आपला तळहात बघत बसले.

"तो पुरे म्हणत होता," शेवटी म्हणाले. "मी जास्त कापलं."

मी म्हटलं, "बाबा, कापल्यावर मोजलं होतंत की तुम्ही. काटा एकवर होता."

"होता का? मला दिसला. काय दिसलं देव जाणे." मग चष्मा काढून पुसला. "आता हात राहिला नाही माझा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. आणि खरं सांगतो, मला गप्प कशाने केलं? लाजेने केलंच, पण तेवढ्याने नाही. माझ्या मनात आलं, त्या माणसासाठी इतकं वाईट वाटतंय यांना? मी नववीत टायफॉइडने पडलो होतो तेव्हा हे डोंगरावर होते. अशा वेळीही मला तेच आठवलं.

पाच दिवस मी मूग गिळून बसलो. बाबा खिडकीत बसत, पण खुर्ची फिरवून, रस्त्याकडे पाठ करून. चहाचा कप उचलताना हात बघत. एकदा बायकोने निरांजनाची वात करायला दिली तर म्हणाले, तूच कर, माझी नीट व्हायची नाही. ज्या माणसाने सत्तर फुटांवर लोंबकळत तारा जोडल्या, तो वात करायला घाबरत होता. मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज ऑफिसला जायचो.

गुरुवारी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी बाबा आपली हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि ती दिवसभर वापरायची नाहीत. एकही वर्ष चुकलं नव्हतं, आई गेली त्या वर्षीसुद्धा नाही. त्या सकाळी म्हणाले, यंदा नको. बायको ऐकेना. "अहो बाबा, घरात आहेत ती तरी मांडा," म्हणत तिने गॅरेजमधून माझा पान्यांचा सेट आणून त्यांच्यापुढे ठेवला. मी ऑफिसला निघायच्या बेतात, बूट हातात.

बाबा एकेक पाना काढून पुसून पाटावर ठेवू लागले. सगळे कोरे करकरीत. एकावर मात्र काळपट ग्रीस. त्यांनी तो पाना नाकाजवळ नेला. वास घेतला.

"हा वापरलास वाटतं," म्हणाले.

"हो. सायकलला."

"बरं," म्हणाले, आणि पाना स्वच्छ पुसून ओळीत ठेवला. त्यालाही कुंकू लावलं. उजव्या हाताच्या बोटाने, इतरांना लावलं तसंच. मी बूट खाली ठेवले आणि ऑफिसला फोन करून बरं नाही म्हणून सांगितलं.

अकराच्या सुमारास पिकअप आली. बाबा उठले. मी मागोमाग. शेजारी उतरून म्हणाला, असू दे रे, नवीन अँटेना आणू, तू मनाला लावून घेऊ नकोस. बाबांनी त्याला नुसतं थांब म्हणून खुणावलं आणि चौकटीपाशी गेले. वाकून टेपकडे पाहिलं. हात लावला नाही, फक्त पाहिलं. मग नखाने टोक उचकटलं आणि टेप सोडवू लागले, एकेक वेढा, सावकाश. हात एका बाजूने फिरवायला गेले, टेप दुसऱ्या बाजूने सुटत होती. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, खांदे दिसत होते. आठवडाभर वर चढवलेले खांदे खाली आले. शेवटचा वेढा सुटला आणि तांब्याच्या पट्टीचं टोक लोंबकळत खाली पडलं.

"अरेच्चा," या अर्थाचं काहीतरी शेजारी म्हणाला. "हे सुटलं कसं? आपण तर मोजलं होतं."

"माय मिस्टेक," बाबा म्हणाले. "ओल्ड मॅन. फरगॉट."

"पण तू तर—"

"माय मिस्टेक," बाबा पुन्हा म्हणाले, आणि विषय संपला. मग माझ्याकडे न बघता मला म्हणाले, "ये. लाव."

शेजाऱ्याचा पाना घेऊन मी नट काढला. पट्टी बोल्टवर घातली. उजव्या हाताने नट आवळायला गेलो तर पाना दोनदा निसटला. बाबा पट्टी सरळ धरून उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "उजव्याने नको. तुला जमतं त्या हाताने कर." मी पाना डाव्या हातात घेतला. नट बसला. मग त्यांनी खिशातून टेपचं रीळ काढून मला दिलं. मी गुंडाळायला लागलो, माझ्याच बाजूने, उलटी. एकेक वेढ्याला वाटत होतं, आता थांबवतील, आता सोडवून परत गुंडाळतील. त्यांनी शेवटचा वेढा अंगठ्याने दाबून पक्का केला.

शेजाऱ्याने मीटर लावला. काटा एकला चिकटला. त्याने दोस्ताला हाक मारली आणि दोस्ताचा आवाज लख्ख आला, काय झालं होतं म्हणून विचारत. शेजारी उत्तर देणार, तेवढ्यात बाबांनी त्याच्यापुढे हात केला. त्याने माइक दिला. सगळा उन्हाळा ज्याला हात लावला नव्हता तो माइक बाबांनी दोन्ही हातांत धरला, बटण दाबलं, आणि टेकडीवरच्या त्या कधी न पाहिलेल्या माणसाला सांगितलं, "फॉल्ट वॉज माइन. माय सन फाउंड इट. माय सन इज इंजिनिअर."

तिकडून तो माणूस काहीतरी चांगलंच बोलला. मला नीट ऐकू आलं नाही. मला हवं ते सगळं मिळालं होतं, अगदी बेताबरहुकूम, आणि मान वर करायची सोय नव्हती. शेजारी केबिनमधून उतरून माझ्याकडे आला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, बाबांनी त्याच्या पाठीवर मारली होती तशीच, आणि शिकवल्याप्रमाणे नीट जोर देऊन म्हणाला, "शाब्बास."

मी बाबांकडे पाहिलं. ते शेजाऱ्याचा तो पाना पुसत होते.

"घे," ते मराठीत म्हणाले. "तो मनापासून म्हणतोय."